जांभळी मॅडम आणि चोरलेली चूक

जांभळी मॅडम कोणाला माफ करत नसत. एखाद्याची उंची सांगावी तसं हे सांगते आहे, दोष म्हणून नाही. त्या लहान असताना पवनीत एका शेजारणीने म्हटलं होतं, "हातमागावरची पोर, शिकून काय दिवे लावणार?" पन्नाशी उलटली तरी त्या घरचा चहा मॅडमनी घेतला नाही. मी एकदा म्हटलं, "मॅडम, ती बाई आता ऐंशीची झाली असेल." त्या म्हणाल्या, "मंग? बोलली तवा तोंड तिचंच होतं ना?"

भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात त्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. सतत रंग हाताळल्यामुळे त्यांच्या नखांच्या कडा जांभळ्या असत, म्हणून मुलांनी ते नाव पाडलं. त्यांना ते आवडत असे. नाव पाडणाऱ्या मुलीला मात्र त्यांनी वर्षभर सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायला लावल्या.

रंगाची गोष्ट अशी. निसर्गात एक जिवाणू जांभळा रंग तयार करतो. त्याची ती जनुकं दुसऱ्या, निरुपद्रवी जिवाणूत बसवायची, त्याच्याकडून रंग करून घ्यायचा आणि तो आपल्याकडच्या टसर रेशमावर चढवायचा, असं मॅडमनी मनावर घेतलं होतं. महाविद्यालयाने त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या काढल्या होत्या. मॅडम या शास्त्राला 'जीवाची विणाई' म्हणत. त्यांचे वडील विणकर. किनारीची नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे मागावर टांगलेले असत. त्यातले दोन मॅडम आसगावच्या बाजारात घेऊन जायच्या आणि भाजीवाल्यांच्या शेजारी टेबल मांडायच्या. "माग तोच, सूत तेच. पुठ्ठा बदलवला का किनार बदलते. जिवाच्या आतही असाच पुठ्ठा राहते. आम्ही तो वाचतो, अन् जपून एखादं भोक बदलवतो." जिवंत जिवाणू त्यांनी कधी प्रयोगशाळेबाहेर नेला नाही. न्यायच्या ते फक्त रंग आणि रंगवलेली कापडं.

एकदा धान विकायला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "हे सारं असं सांगून कायले देता? कोनी घेऊन गेलं मंग?"

"न्यायलेच तर सांगून राहिली," मॅडम म्हणाल्या. "घ्या, बदलवा, वाटा. फक्त कोनाचं घेतलं ते लिहा."

ओपन सोर्सची व्याख्या मी नंतर बऱ्याच ठिकाणी वाचली. याहून सोपी सापडली नाही. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, ते कामाचं काही घरी बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. माहिती म्हणजे जपायची गोष्ट, हे माझ्या अंगात मुरलेलं. मॅडम मात्र दर शनिवारी आपल्या प्रयोगवहीची त्या आठवड्याची पानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकत. मराठीत, फसलेल्या प्रयोगांसकट. खाली लोक प्रश्न लिहीत. गोसीखुर्दच्या धरणामुळे उठून नव्या वस्तीत गेलेल्या गावातल्या एका मुलीने विचारलं होतं, लाल रंग करता येईल का? मॅडमनी तिला दोन पानांचं उत्तर लिहिलं.

आमचे विभागप्रमुख सर हसत. "मराठीत हे कोण वाचतं, बाई?"

वाचत होते ते स्वतः.

रंग टसरवर पक्का बसला त्याच वर्षी सरांनी पेटंटसाठी अर्ज केला. संशोधक म्हणून नाव त्यांचं एकट्याचं. अर्जात लिहिलं होतं, ही पद्धत यापूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही. पाठोपाठ बाजारातली टेबलं बंद करायचा लेखी आदेश आला आणि महाविद्यालयात सरांचा सत्कार ठरला. शाल आणि श्रीफळाचं ताट धरून उभं राहायला मॅडमना सांगण्यात आलं. त्या राहिल्या. भाषणात सर म्हणाले, "आमच्या या बाईंचेही आभार. काचेची भांडी त्यांच्याइतकी स्वच्छ कोणी धूत नाही." सभागृह हसलं. पहिल्या रांगेत बसलेली मीही हसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काल तू हासली का?"

"हो."

"खोटं नाही बोलली, हे बरं केलं," त्या म्हणाल्या आणि वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "आता याचं इंग्रजी कर. पूरं."

ती माझी शिक्षा होती. तीन महिने मी रोज दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती पानं इंग्रजीत आणली. त्या समोर बसून प्रत्येक ओळ तपासत. आधीच प्रसिद्ध झालेल्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही आणि अर्ज मंजूर होण्याआधी त्याला कोणीही हरकत घेऊ शकतं, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं.

एके दुपारी त्या सरांचा अर्ज वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाल्या, "माही चूकही उचलली त्यानं."

रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी तुरटीच्या पाण्यात ठेवतात. एका शनिवारच्या पानावर मॅडमचं दशांशचिन्ह चुकलं होतं आणि तुरटी दहापट लिहिली गेली होती. तेवढ्या तुरटीत टसर वाळल्यावर पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी चूक कबूल करून दुरुस्ती टाकली होती. सरांच्या अर्जात तीच दहापट तुरटी होती. पुढचं पान त्यांनी वाचलंच नव्हतं.

सुनावणी संगणकावरून झाली. सरांचे वकील म्हणाले, ही तर बाईंची खासगी डायरी आहे. मॅडम म्हणाल्या, "डायरी कुलपात राहते, साहेब. ही बाजारात वाटली. खाली लोकायचे प्रश्न आहेत, तारखा आहेत." मग त्यांनी अर्जात लिहिलेल्या मापाने रंगवलेलं टसर कॅमेऱ्यासमोर आडवं धरलं. ते फळीसारखं ताठ राहिलं. आपल्या मापाने रंगवलेलं धरलं, ते हातावरून ओघळलं. शेवटी चुकीचं पान आणि दुरुस्तीचं पान शेजारी शेजारी दाखवलं. सर पडद्यावर कपाळ पुसत होते आणि मॅडम ते टक लावून पाहत होत्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर टसर रंगलं त्या दिवशीही पाहिला नव्हता.

अर्ज नामंजूर झाला. बाजारातलं टेबल पुन्हा सुरू झालं. पण मॅडमचं पोट भरलं नाही. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी त्या निकालाचा कागद वाचून दाखवू लागल्या. आसगावात, पवनीत, धरणग्रस्तांच्या वस्तीत, शाळांच्या मैदानात. सरांचं नाव, हुद्दा, महाविद्यालयाचं नाव, सगळं सावकाश. सरांनी दुसऱ्या गावी बदली मागून घेतली, तर मॅडमनी त्या गावच्या बाजारातही टेबल लावलं. एकदा सरांच्या पत्नी घरी आल्या. मॅडमनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही, ताई. पन मी थांबनार नाही."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आता सोडा ना, मॅडम."

"तुले काहून दया येऊन राहिली? भांडी धुते म्हनला तवा त्याले आली होती का?"

खरं सांगायचं तर मला दया आली नव्हती. म्हणायला हवं म्हणून म्हटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा निघाला. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी न टाकलेली चार पानं माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून पडून राहिल्या. माझ्याविषयी काही बोलतील असं मला वाटलं होतं. बोलल्या नाहीत. त्या हसण्याबद्दल मला माफ केलं होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

शोकसभा पवनीच्या समाजमंदिरात झाली. विणकर आले होते, आसगावहून बायका आल्या होत्या. आणि सर आले होते, पांढऱ्या कपड्यात. कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते माईकपाशी गेले. "बाई माझ्या सहकारी होत्या," ते म्हणाले. "तो जांभळा रंग आम्ही दोघांनी मिळून शोधला."

मी उठले. माईक त्यांच्या हातातून घेतला आणि पिशवीतला निकालाचा कागद काढून वाचला. पहिल्या ओळीपासून, नाव आणि हुद्द्यासकट, मॅडम वाचत तितक्याच सावकाश. माझं वाचून होईपर्यंत सर तिथेच उभे होते, कारण बाजूला व्हायला जागा नव्हती. मग लोकांनी वाट दिली आणि ते चहा न घेता निघून गेले.

एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आजच्या दिवशी तरी नको होतं, बाई."

मी कागदाची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला. मला फार बरं वाटत होतं, आणि ते ज्यांना सांगावं त्या मॅडम तेवढ्या तिथे नव्हत्या.