काळ्यावर काळा दिवा

"दिवा स्क्रीनवर होता की नव्हता, एवढंच सांगा," प्लांटचे मॅनेजर देशमुख साहेब म्हणाले.

"होता सर," मी म्हटलं. "पण काळ्यावर काळा."

"म्हणजे होता!"

झालं. तिथेच बबनभाऊंचा निकाल लागला, काम गेलं.

चाकणच्या एका कारखान्यात मशीनवरच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर मी बघते. त्या स्क्रीनवर कूलंटचा एक गोल दिवा आहे. कूलंट म्हणजे लोखंड कापताना टूलवर पडणारं गार पाणी. चालू असलं की दिवा हिरवा, बंद पडलं की काळा. "काळा लागला!" असं कुणी ओरडलं की ऑपरेटर धावत जाऊन मशीन थांबवतो. नाहीतर टूल जळतं.

मग हेड ऑफिसचे पाहुणे येणार म्हणून फर्मान निघालं, स्क्रीनला डार्क थीम लावा. मी म्हटलं, टेस्टिंगला वेळ द्या. "अहो मॅडम, एक सेटिंग तर बदलायचंय!" साहेबांनी लावूनच टाकली. तयार बटणं थीमला विचारून रंग घेतात, ती बदलली. हा दिवा मात्र कस्टम विजेट, म्हणजे पूर्वी कुणीतरी हाताने कोड लिहून बनवलेला स्क्रीनचा भाग. त्याचा काळा रंग कोडमध्येच ठोकलेला. काळ्या पडद्यावर तो गडप झाला.

बबनभाऊ कंत्राटी ऑपरेटर, जवळच्याच गावचे. कूलंट बंद पडलं, हिरवा गेला. ते काळ्याची वाट बघत राहिले. टूल जळालं, ते फिरवणारा मशीनचा महागडा स्पिंडलही गेला.

"साहेब, काळा लागलाच न्हाई," ते सांगत होते.

"सगळी स्क्रीन काळी आहे आणि हा म्हणतो काळा लागला नाही!" साहेब हसले. बाकीचेही हसले. मला भयंकर संताप आला.

दिव्याचा रंग मी थीमला जोडला, भोवती पांढरी कड काढली, खाली 'बंद' असं लिहिलं. अर्ध्या दिवसाचं काम. साहेब खूश.

"मग बबनभाऊंना बोलवायचं ना सर?"

"कॉन्ट्रॅक्टरनं दुसरा माणूस दिलाय. राहू द्या आता."

पुढच्या आठवड्यात बबनभाऊ गेटवर दिसले. डोळ्यावर नवा चष्मा.

"नंबर निघाला का?"

"न्हाई मॅडम. साधीच काच हाय. साहेबांना दाखवतो, आता दिसतंय म्हणून."

"अहो, डोळे तुमचे ठीकच होते! चूक स्क्रीनची होती."

"व्हय. पण तसं साहेबांना सांगून कसं चालंल?"

आता थीम बदलायची म्हटली की मी आधी हाताने बनवलेली विजेटं 'बंद' स्थितीत आणून बघते, तेव्हाही दिसतात का. बबनभाऊंना कुणी परत घेतलं नाही. चष्मा ते अजून लावतात.