जीभरावांची सहा दुकानं

चॉकलेटच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल चाखून पास करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे जीभराव म्हणत. निवृत्तीनंतरही ते नाव अंगाला चिकटून राहिलं. त्यामुळे लेकीनं जुन्या शहराच्या सहलीचा घाट घातला, तेव्हा दुकानं निवडण्याचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. तटबंदीच्या आत, दगडी गल्ल्यांमध्ये, हातानं चॉकलेट घडवणारी सहा दुकानं होती. टेबलावर नकाशा पसरून लेक वाचत होती आणि जीभराव एकेक दुकान खोडत होते. एकाचा जिना उंच; दुसऱ्याचा मालक म्हणे उर्मट.

"बाबा, नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय तुमचं!" लेक हसली. जीभराव हसू शकले नाहीत.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी एका तापानं त्यांची चव आणि वास दोन्ही नेले होते. त्यांनी ब्र काढला नाही. वडी मोडतानाचा आवाज आणि तिची तकाकी यांवरून निम्मं कळे. उरलेलं भट्टीवाल्याच्या चेहऱ्यावरून. कोकोच्या बिया भाजणाऱ्या या सहकाऱ्याला ते रोज बोलावत, "आधी तुम्ही" म्हणत, आणि त्याच्या भुवया वाचून कार्डावर सही करत. तो रजेवर असताना करपलेल्या बियांचा माल त्यांच्याच सहीनं बाहेर पडला. चौकशीत जीभराव म्हणाले, "मी चाखला तो नमुना उत्तम होता. अदलाबदल भट्टीवर झाली असावी." हाताखालच्या माणसांवर वचक नाही, असा ठपका ठेवून परतलेल्या भट्टीवाल्याला खोकी बांधायला बसवलं गेलं.

लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सहलीला त्यालाच बोलावलं होतं, आणि तो आलाही. चष्मा पुसत नकाशावर वाकला.

"जीभराव, तुम्ही म्हणाल ते दुकान. माझं काय, मी तुमच्या जिभेला बांधलेला."

"काका, मग तुम्हीच यादी करा. बाबा सगळंच खोडतायत."

"छे गं! कारखान्यात एवढ्या लोकांत एकट्या यांनीच मला आधी चाखायला दिलं. खोकी बांधतानाही तेवढ्यावर मान ताठ ठेवली मी."

जीभरावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पेन्सिल खाली ठेवून, मान न उचलता, त्यांनी तापापासून चौकशीपर्यंत सगळं सांगितलं. लेकीच्या हातातली नकाशाची कड तशीच राहिली.



"भट्टी गेली, ते सोसलं," भट्टीवाला म्हणाला. "पण तो मान नव्हता तर. तुम्ही माझं तोंड वाचत होतात."

"हो."

"आणि मी घरी जाऊन फुशारकी मारायचो."

जीभरावांनी कारखान्याला पत्र लिहिण्याची तयारी दाखवली. "लिहाच," तो म्हणाला, "पण माझ्यासमोर नको. तुमचं तोंड बघवत नाही." मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून तो निघाला.

दार लागल्यावर लेकीनं विचारलं, "तिकिटं किती काढू?"

"दोन. तू आणि काका, ते आले तर," जीभराव म्हणाले. तिनं नाही म्हटलं नाही, हेच त्यांना सर्वांत जास्त लागलं.