कालवांच्या फोटोखालचं ठिकाण

नववीला मृदुकाय प्राणी शिकवताना फळ्यावर शिंपले काढायचा मला कंटाळा आला होता. समुद्र शाळेच्या मागे, आणि मी खडूनं शिंपले काढतेय! म्हणून मुलांना सांगितलं, घरच्या फोनवर फोटो काढा, निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाकू, जगभरचे जाणकार नावं सांगतील. मुलं अशी पेटली की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. तिथेच मी माती खाल्ली.

सगळ्यांत सुंदर फोटो वर्गातल्या एका कोळ्याच्या मुलीनं काढलेला होता. ओहोटीला उघडा पडलेला खडक आणि त्यावर एकाला एक चिकटलेली कालवं, म्हणजे खडकाला धरणारे खायचे शिंपले, पाय ठेवायला जागा नाही. पण ठिकाणाचा रकाना तिनं रिकामा सोडला होता.

"बाई, कालवांची जागा आमच्यात कुणाला सांगत न्हाय," ती म्हणाली. "आयची हाय ती. तिला तिच्या सासूनं दाखवली."

मी हसले. ठिकाणाशिवाय नोंदीला शास्त्रात किंमत नसते, असं भाषण ठोकलं. वर तिच्या हातातला फोन घेतला आणि फोटोसोबत आपोआप नोंदलेलं ठिकाण सगळ्यांना दिसेल असं करून टाकलं. ती फोन घेऊन जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, पटलं.

पंधरा दिवसांनी परकी माणसं होडीतून आली आणि पहारींनी तो खडक खरवडून गेली. जागा कुणी सांगितली असं गावातल्यांनी विचारल्यावर एकानं खुशाल फोनवर आमच्या वर्गानं टाकलेला तो फोटो दाखवला. तिच्या आईचं घर त्या खडकावर चालायचं. तिथं कालवं पुन्हा धरायला किती काळ लागेल, हे मला पुस्तकातून पाठ होतं.

मी वेबसाइटवरून फोटो काढून टाकला. काय उपयोग? मुलगी शाळेत यायची बंद झाली. आईनं तिला मासळी सुकवायला बसवलं होतं, शाळेचं नावही काढायचं नाही म्हणून. चार दिवस मी हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. माझ्या शहाणपणापायी त्या पोरीची शाळा सुटणार होती.

पाचव्या दिवशी, मी राहते त्या बोर्लीहून सुटणाऱ्या पहिल्या एस.टी.नं तिच्या घरी गेले. आई बोंबील वाळत घालत होती. तिनं मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, "ठिकाण मी टाकलं. तिनं नाही. ती नको म्हणत होती."

आईचे हात थांबले.

"तुमी?" ती म्हणाली. "पोर तर म्हनली, मीच टाकलं. मारलं मी तिला. तरी तेच. म्हनली, बाई नको म्हनत व्हत्या, मीच ऐकलं न्हाय."

वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे ती पोर मासळीची पाटी घेऊन उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.