बंद चक्कीचे दिवस

विहारात रविवारी वंदना झाली की आम्ही सगळे थोडा वेळ डोळे मिटून गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. बारीक, एकसुरी, न थांबणारं चीं. वाटलं, ट्यूबलाइट जायला आली असेल. एक डोळा उघडून वर पाहिलं तर ट्यूबलाइट बंद. सकाळच्या उन्हात ती कशाला कोण लावतं? घरी आले तरी चीं, जेवायला बसले तरी चीं. तेव्हा कळलं की हा पाहुणा बाहेरचा नाही, आपल्याच कानात बिऱ्हाड थाटून बसलाय.

हे दुखणं नवीन. जुनं वेगळंच आहे. संधिवात मला आठ-नऊ वर्षांपासून. सकाळी बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. कापड पिळता येत नाही, भाकर थापता येत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी आहे, ती घेतली की दुसऱ्या दिवशी पोटात ढवळतं आणि सगळ्या जगाचा राग येतो. तसा राग मला गोळीशिवायही येतो, पण त्या दिवशी त्याला कारण तरी असतं. तरीसुद्धा संधिवाताशी माझा समझोता झाला होता. सकाळ तुझी, दुपार-संध्याकाळ माझी. या चीं-नं माझी दुपारची डुलकी घेतली आणि रात्रीची झोपही.

आमच्या अकोटात कोणी आजारी पडलं की डॉक्टर एक आणि सल्ला देणारे पन्नास. एकीनं लसणाचं तेल सांगितलं, दुसरीनं मोहरीचं. तिसरी म्हणाली, कानात विडीचा धूर सोड. मी म्हटलं, विडी तू ओढशील की मी? तर रुसून गेली. उचकी लागली तर कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात, पण कान वाजले तर कोण काय काढतंय, ते एकीलाही सांगता आलं नाही.

आता आमचं घर सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुढच्या खोलीत पिठाची चक्की, मग मधल्या खोलीत सासूबाई, आणि मागे मी आणि माझा नवरा. नवरा पंचायत समितीत कारकून आहे. चक्की माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सासरे तरुणपणीच गेले, तेव्हा पदरात दोन लहान लेकरं. लोक म्हणाले, बाईमाणसाला चक्की जमायची नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मंग काय जमंल? रडनं?" आणि दुसऱ्या दिवशी पट्टा चढवून मोटार सुरू केली. तेव्हापासून ती चालूच होती.

चक्कीच्या वर आवाज काढून काढून त्यांचा गळा असा तयार झाला, की घरात त्यांनी मला मीठ मागितलं तर शेजारीण मीठ घेऊन यायची. मोबाइलवर बोलायच्या तेव्हा मी म्हणायचे, आत्याबाई, मोबाइल ठेवून द्या, चांदूर बाजारापर्यंत तसंच आयकू जाते. चांदूर बाजार माझं माहेर. त्यावर त्या खळखळून हसायच्या. पापण्यांवर पीठ, भुवयांवर पीठ, आणि त्यातून हसणारे दोन डोळे.

त्यांच्या दोन सवयींची आम्ही फार थट्टा करायचो. एक म्हणजे, विहारात सगळे डोळे मिटून बसले की यांना काहीतरी आठवायचं. चपला सरळ करायच्या राहिल्या, पाण्याचं झाकण उघडंच राहिलं. उठल्याच. आणि दुसरी म्हणजे कूलर. आमच्या वऱ्हाडात उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, ते सोडा. पण ही बाई ऐन थंडीत, दोन गोधड्या अंगावर घेऊन, बिनपाण्याचा कूलर लावून झोपायची. नवरा म्हणायचा, "आई, निमोनिया होईन तुले." तर म्हणायच्या, "मले त्याच्याबिगर झोप येत नाई." आम्ही म्हातारपणाचं खूळ म्हणून सोडून दिलं.

तर, कान दाखवायला नवरा मला एसटीनं अकोल्याला घेऊन गेला. तिथे एका काचेच्या डब्यासारख्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मग डॉक्टर म्हणाले, कानाची नस थोडी कमजोर झाली आहे. गोळ्यांनी असेल, आजारानं असेल, वयानंही असेल, नक्की सांगता येत नाही. हा आवाज पूर्ण जाईलच असंही नाही. मोठ्या आवाजापासून जपा आणि मन शांत ठेवा.

परतताना एसटीच्या सगळ्या काचा खडखडत होत्या, इंजिन घुरघुरत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी म्हटलं, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. नवरा मात्र खिडकीबाहेर पाहत होता. त्यानं डॉक्टरांचे दोनच शब्द मनात धरून ठेवले होते, मोठा आवाज आणि शांत.

घरी आल्या आल्या तो पुढच्या खोलीत गेला आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. आत्याबाईंनी बटण खाली केलं. पट्टा दोनदा फटफटला आणि थांबला. पुढच्या ओट्यावर दोन बाया गव्हाचे डबे घेऊन उभ्या होत्या. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "स्टँडजवळच्या चक्कीवर न्या वं. सुनेले बरं नाई."

आणि मग सुरू झाली ती शांतता. काय सांगू तुम्हाला, नको रे बाप्पा! टीव्हीवर नुसती चित्रं. बातम्या देणारी बाई मुकी होऊन तोंड हलवायची. कुकर माळ्यावर गेला, वरण पातेल्यात शिजायला लागलं. शेजारीण भेटायला आली तर मयतीच्या घरी आल्यासारखी दबकत आली आणि हाताच्या खुणांनी मला तब्येत विचारून गेली. आत्याबाईंनी कुजबुजायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते येतच नाही. मग त्या बोलेनाशाच झाल्या. कूलरची वायर गुंडाळून त्यांनी स्वतःच वर ठेवून दिली. दिवसभर ओट्यावर हात मांडीत घेऊन बसायच्या. अंगावर पीठ नाही, तरी भुवया पांढऱ्याच. इतकी वर्षं मला ते पीठच वाटलं होतं.

त्या शांततेत माझं चीं वाढतच गेलं. आधी एका कानात होतं, मग दोन्ही, मग डोक्याच्या मधोमध. गोळ्या बदलून पाहिल्या, कुशी बदलून पाहिल्या. डोळ्याला डोळा लागेना, आणि झोप नाही की सांधे जास्त ठणकतात. मला वाटलं, आजार वाढला, आता हे असंच संपायचं. बोलायची सोय नव्हती. सगळं घर माझ्यासाठी बोटांवर चालत होतं, आणि मी म्हणू तरी काय? एवढं करून राहिले, तरी हिचं तोंड वाकडंच, असं कोणी म्हणालं असतं तर चुकलं असतं का?

महिनाभर असं गेलं आणि एका सकाळी नवरा हळूच म्हणाला, "बाळापूरचा एक जण चक्की पाहाले येऊन राहिला. आई म्हनते, इकून टाकू."

मी दोन्ही हातांतला कप खाली ठेवला. म्हटलं, "कोणासाठी इकता?"

"तुह्यासाठीच न."

मी भिंत धरून धरून आत्याबाईंकडे गेले. म्हटलं, माझ्यापायी चक्की विकू नका, माझ्या जिवाला लागेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "लय दिवस पीठ दयलं," म्हणाल्या, "आता बस झालं." ज्या बाईनं नवरा गेल्यावरही चक्की थांबू दिली नव्हती, ती बाई रस्त्याकडे पाहत हे बोलत होती. चक्की गेल्यावर ही ओट्यावर बसून काय करणार, तेही मला दिसत होतं. मला रडू आलं, आणि रडण्याचाही आवाज होऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला.

बाळापूरचा माणूस दुपारी आला. मी मागच्या खोलीत खाटेवर पडले होते. पुढे काही बोलणं झालं आणि मोटार कशी चालते ते पायलीभर दळून दाखवायला आत्याबाईंनी बटण दाबलं. दोन भिंतींच्या पलीकडून घरघर आली. मोठी नाही, जात्यावर लांब कुठेतरी कोणी दळावं तशी. मी कान घट्ट दाबायला हात उचलले आणि तसेच थांबवले. चीं कुठे गेलं? शोधलं तर सापडेना. एवढंच आठवतं. नंतर मी थेट जागी झाले, कारण घरघर बंद पडली आणि चीं जागच्या जागी परत आलं. खिडकीतलं ऊन खाटेच्या पायापर्यंत सरकलं होतं. मी झोपले होते. भरदिवसा, मेल्यासारखी झोपले होते.

आणि मग जो राग आला मला! गुडघे सुजलेले, भिंत धरत धरत मी पुढच्या खोलीत गेले. बाळापूरचा माणूस चहा पीत होता, इसार द्यायचं बोलणं चाललं होतं.

"आत्याबाई! चक्की काहून बंद केली?"

नवरा धावत आला. "अवं, हळू बोल, तुये कान..."

"कान माये हायेत का तुमचे? चालू करा थे चक्की!"

महिनाभर मुकी झालेली बाई तिच्या असली आवाजात कडाडली, "पागल झाली का वं? तुह्यासाठीच त बंद केली!"

"मंग माह्यासाठीच चालू करा! चालू होती त मले झोप लागली. महिन्याभरात पयल्यांदा डोया लागला माहा, अन् तुमी बटन दाबलं! चक्की बंद झाली का वाजते, चालू असली का नाई वाजत!"

शेजारीण भिंतीवरून डोकावली. गल्लीला कितीतरी दिवसांनी आमच्या घराचा आवाज ऐकू आला होता. मला वाटलं, आता आत्याबाई आणखी चढतील. पण त्या दळणाच्या रिकाम्या पोत्यावर खाली बसल्या.

"तुह्याही असंच होते?" म्हणाल्या.

मला कळलं नाही. "तुह्याही म्हंजे?"

"बंद झाली का वाजते. चालू असली का दबून राह्यते."

नवरा आईकडे बघतच राहिला. "आई, तुया कानात वाजते? कधीपासून?"

"तुहा बाप गेला, त्याच्या दोन-तीन सालानं."

"अन् सांगतलं काहून नाई?"

"कोनाले सांगू?" त्यांना हळू बोलता येत नाही, म्हणून हे सगळं त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असंच बोलल्या. "तुमी दोघं लहान. दवाखान्यात गेली असती त चक्की बंद करा म्हनले असते. वाजते त वाजू दे म्हनलं. पोट त भरून राह्यली न चक्की."

तेव्हा मला थंडीतला कूलर आठवला. विहारातल्या चपला आठवल्या. आणि ही बाई माझ्यासाठी महिनाभर चक्की बंद करून, कूलरची वायर गुंडाळून, मधल्या खोलीत त्या आवाजासोबत एकटी झोपत होती, हे कळलं. मी त्यांच्या शेजारी त्या पोत्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. आता कशाला पदर तोंडात धरायचा?

बाळापूरचा माणूस भला होता. कप खाली ठेवून म्हणाला, "मंग मी चालतो बाई. तुमची चक्की काही इकाची नाई."

पुढच्या वेळी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. काचेच्या खोलीत आत्याबाईंना बसवलं, हातात बटण दिलं. बराच वेळ त्यांनी ते दाबलंच नाही. बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमची मशीन खराब हाये." आम्ही हसलो, डॉक्टर हसले नाहीत. चक्कीशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान बरेच गेले आहेत, म्हणाले. आता चालवायचीच असेल तर कानांवर हेडफोनसारखे जाड कप लावल्याशिवाय नाही, आणि तेही थोडा वेळ. मला म्हणाले, तुम्ही चक्कीच्या खोलीत जायचं नाही, पण भिंतींपलीकडून येणारी घरघर चालेल. कानाला अगदी शांत ठेवणं हे यावरचं औषध नाही. पंखा, कूलर, रेडिओ, काहीतरी हळू चालू असू द्या.

आता सकाळचं दळण आत्याबाई कानावर कप लावून करतात, संध्याकाळचं नवरा करतो. गल्लीतल्या बाया म्हणतात, म्हातारी गाणे आयकून राहिली. कूलर मधल्या आणि मागच्या खोलीमधल्या दारात, दोघींच्या मध्ये ठेवलाय, बिनपाण्याचा. नवरा कुडकुडतो आणि आणखी एक गोधडी ओढून घेतो. माझी बोटं अजून सकाळी मिटत नाहीत, चीं अजून आहे. गेलेलं काहीच नाही.

रोज सकाळी मात्र आम्ही एकमेकींना विचारतो. "तुहा काय म्हनते?" त्या विचारतात. "ओरडून राहिला," मी म्हणते, "तुमचा?" "माहा त म्हातारा हाये, थो काय आयकते कोनाचं!" आणि त्या दळायला जातात.

परवा माझ्या गोळीचा दुसरा दिवस होता. पोटात ढवळत होतं, मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि कोणाशी बोलायची इच्छा नव्हती. दारात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून वळून पाहिलं. आत्याबाई उभ्या होत्या, कानावरचे कप गळ्यात उतरवून.

"आज तू इचारलं नाई वं," म्हणाल्या.

मी उठून बसले. "चुकलं, आत्याबाई. काय म्हनते तुमचा?"

"वाजून राह्यला," म्हणाल्या, आणि चक्की सुरू करायला गेल्या.