तळाशी राहिलेलं

गुडघ्यांसाठी वजन उतरवायचं, पण अंगातली ताकद टिकवायची, म्हणून डॉक्टरांनी मला रोज सकाळी प्रोटीन शेक घ्यायला सांगितला. बाटलीत पावडर कितीही हलवली तरी गुठळ्या राहतातच. सासूबाईंनी काही दिवस माझी खटपट पाहिली आणि मग सरळ ताकाची रवी काढली. आता रोज त्याच घुसळून देतात. वर ताकासारखा फेस येतो.

चव मला मुळीच आवडत नाही. आज पिता पिता मान वर केली, तर त्या पदराला हात पुसत समोरच उभ्या. लहानपणी मी काडीसारखी होते, तेव्हा दुधाचा पेला रिकामा होईपर्यंत आईही अशीच समोरून हलायची नाही. तिला माझं वजन वाढायला हवं होतं, यांना उतरायला हवंय. मधली सगळी वर्षं घरादाराचे पेले मी भरत आले. माझा संपला का, हे बघायला पुन्हा कुणी उभं राहील असं वाटलं नव्हतं.

मी पेला खाली ठेवला. सासूबाईंनी तो तिरका करून पाहिला.

“तळाशी राहिलंय गं. पाणी घाल आणि विसळून पी.”

मी विसळून प्यायले. मग पेला त्यांच्यासमोर उपडा धरला, आईला दाखवायचे तसा.