तोंड मिटलेला वाघ

डहाणू रोडला उतरलो तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत सात वाघ होते. सातही नापास.

मी कार्टूनपटांसाठी प्राणी काढतो. एक मुलगी आणि तिचं वासरू यांच्या गोष्टीतला खलनायक वाघ माझ्या वाट्याला आला आणि मी हात सैल सोडला. लाल डोळे, गालावर व्रण, लाळेची धार, आणि दात इतके की ते मोजायला बसलेला आमचा सहायक जेवणाच्या सुट्टीतही परतला नाही. पहिला तुकडा शाळेतल्या मुलांना दाखवला, तर मुलं हसली. दिग्दर्शिकाबाई रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. सोमवारी मुलांना पुन्हा बसवू म्हणाल्या. या वेळीही हसली तर वाघ दुसऱ्याच्या टेबलावर जाईल आणि मला ससे मिळतील. सशांशी माझं वैर नाही. पण वाघाची वाट बघत मी वीस वर्षं बदकं काढली आहेत.

आमच्या रंगविभागातली वैशाली तलासरी तालुक्यातली. तिचे काका झरी गावात लाकडात वाघदेव (गावाच्या वेशीवर पुजतात तो वाघाचा देव) कोरतात, असं ती बोलून गेली. शनिवारी सकाळी मी निघालो.

डहाणूच्या बाजारात बोंबील खाल्ले. एकेक हातभर लांब होता. बरं, वीतभर. विकणाऱ्या मावशींना मी सातवा वाघ दाखवला. त्यांनी कोयता न थांबवता एक नजर टाकली.

"ह्याचं तोंड मिटत नाय काय? माशी जाईल त्यात."

शेजारच्या तिघी एवढ्या हसल्या की कोळंबीची टोपली कलंडली आणि तिचं पाणी माझ्या पिशवीत गेलं. तिथून पुढे सात वाघांना कोळंबीचा वास येत होता. तलासरीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, त्यामुळे चिकूच्या वाड्या खिडकीत ऐसपैस बसून बघता आल्या. झाडं इतकी लगडलेली, की एखादा चिकू पडला तर दुसऱ्याला आधी बाजूला हो म्हणावं लागत असेल.

तलासरीहून रिक्षाने झरी. भाताची झोडणी उरकली होती, पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. देवजीकाका अंगणात सागाच्या फळीवर पटाशी चालवत बसले होते. सत्तरीचे, सडसडीत, बोलण्यात काटकसरी. फळीवर वर सूर्य-चंद्र, खाली वाघ. मी माझं चित्र पुढे केलं आणि हाच वाघ लाकडात कोरून द्या म्हणालो. तो समोर ठेवून आठवा काढायचा माझा बेत होता. काकांनी चित्राचा वास घेतला आणि मान डोलावली.

मुक्काम त्यांच्याकडेच पडला. संध्याकाळी उकडहंडी होती (कंद आणि पापडी मडक्यात भरून, मडकं उलटं घालून भोवती जाळ करतात). मी एवढी खाल्ली की मडकंच तेवढं शिल्लक ठेवलं.

रविवारी दुपारी वाघ तयार झाला. पाठ माझी, पंजे माझे, शेपटीचा झोकही माझाच. तोंड मात्र घट्ट मिटलेलं. एक दात नाही. सोमवार दुसऱ्याच दिवशी होता. काका, दात राहिले, असं मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

"राहिले नाय. नाय काढले," काका म्हणाले. वेशीवर बसवायच्या वाघाचं तोंड आपण कधीच उघडत नाही, उघड्या तोंडाचा म्हणजे भुकेला, आणि भुकेला देव दारात कोण बसवील, असं त्यांनी मला समजावलं. मान त्यांनी डोलावली होती, हात मात्र उघडं तोंड कोरायला वळलेच नव्हते.

मी म्हणालो, पण माझा वाघ भुकेलाच आहे, त्याने लोकांना घाबरवायचं आहे.

काकांनी पटाशीवरचा भुसा फुंकला. "भूक लागलीय हे तो तुला दाखवील कशाला?"

काकांची वहिनी लाडकीबाय पलीकडे सुपात तांदूळ पाखडत होती. तिचं माहेर सायवनचं. याला तुझा तो वाघ सांग गो, असं काकांनी तिला म्हटलं. दोन वर्षांमागे माहेरी शेळी चारताना तिला वाघ दिसला होता (इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात). मी वही काढली. गुरगुरला का, दात किती दिसले, डोळे लाल होते का, असं एका दमात विचारलं.

"कायच नाय. बसलेला. माझ्याकडं बघतच नव्हता."

मग शेळीकडे?

"शेळीकडं पण नाय. मी इथं, शेळी तिथं. तो मधल्या जागेकडं बघत होता."

माझी पेन्सिल थांबली. मग तू काय केलंस?

"काय करणार? त्या जागेत जाऊन उभी राहिले." तिने सूप आपटलं. शेळीला पोटाशी धरून ती उलट्या पावलांनी घरापर्यंत आली म्हणे, आणि ती शेळी अजून तिच्या भावाचं कुंपण खाते आहे.

परतीच्या गाडीत, वापीपासून विरारपर्यंतचा सगळा वारा कागद उडवायला टपलेला असताना, मी आठवा वाघ काढला. व्रण गेला, लाळ गेली, लाल डोळे गेले. तोंड मिटलं. कागदाच्या कडेला गुरगुरण्याचा आवाज लिहितात, ती जागा मी कोरी ठेवली. वाघ गवतात बसलाय. मुलगी चार पावलं पुढे, वासरू मागे. आणि त्याची नजर दोघांवरही नाही, मधल्या रिकाम्या जागेवर आहे.

सोमवारी एवढंच चित्र पडद्यावर दाखवलं, हलतं करायला वेळच नव्हता. मी मुलांकडे पाठ करून उभा राहिलो. हसू आलं नाही. किंचाळीही नाही. एक खरखर तेवढी ऐकू आली, म्हणून वळून बघितलं. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, पडद्यावरून नजर न हलवता, आपल्या धाकट्या बहिणीची खुर्ची स्वतःकडे ओढत होती. दोन्ही खुर्च्या एकमेकींना टेकल्या तेव्हाच ती थांबली.

मी जन्मभर वाघाच्या तोंडात भीती शोधत होतो. एवढं खोटं बोलणाऱ्या माणसाला हे खरं सांगताना लाज वाटते, पण ती त्याच्या तोंडात नव्हतीच.