शितं वेगळी, पाणी वेगळं

सेंग हियांचं पेजेबद्दल एक मत होतं आणि कुणी विचारायची वाट न बघता ते सांगून टाकायचे. शितं वेगळी दिसली पाहिजेत, पाणी वेगळं. वाडगा टेबलावर टेकला की तांदूळ खाली बसावा आणि वर निवळ राहावं, भरती उतरल्यावर खाडीत राहतं तसं. शीत दाताला लागलं नाही तर ती पेज नव्हे, खिमट. आणि खिमट दोघांनीच खावं, ज्याला दात आले नाहीत त्यानं आणि ज्याचे गेले त्यानं.

हे ते मुद्दाम मोठ्यानं म्हणत, कारण समोरच्या ओळीत मोकचा गाळा होता. मोकचे वाडवडील कॅन्टनचे. तो पहाटेपासून तांदूळ घोटत राही, एकही शीत ओळखू येऊ नये इतका. सेंग हियांचे तेओच्यू, चीनच्याच दुसऱ्या मुलखातले. आमच्या तोआ पायोह वस्तीतल्या फूड सेंटरमध्ये या दोन पेजांच्या मधे एक मोकळी वाट होती, चार पावलांची. सव्वीस वर्षांत सेंग हियांनी ती ओलांडली नव्हती.

"काय मोक, खळ शिजली का? जिन्यात नोटिसा चिकटवायच्यात."

"अंकल, बत्तीशी शाबूत आहे तोवर हसून घ्या."

"माझी बत्तीशी तुझ्या गाळ्यापेक्षा जास्त टिकेल."

नाव क्वेक हाक सेंग. हिया म्हणजे दादा. ग्वात की त्यांना तसं म्हणायची म्हणून आम्ही सगळेच म्हणू लागलो. ग्वात कीचा गाळा तेओच्यू पेजेचा. एकतीस वर्षं सेंग हियांनी वस्तीतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या काळी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, आणि कुठल्या मजल्यावर कोण म्हातारं आहे, कुणाला किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे त्यांना पाठ होतं. दाराला कान लावून उभे राहत आणि दोर कुठं घासतोय ते सांगत. बोलणं कमी. पेजेचा विषय सोडला तर कुठल्याच बाबतीत ते अडून बसत नसत.

बायको गेल्यावर त्यांनी घरात चूल पेटवली नाही. सकाळी साडेसातला खांबाजवळचं टेबल, पंख्याखाली. ग्वात की न विचारता ताट आणायची: पेज, खारवलेलं अर्धं अंडं, मसाल्याच्या रश्शात मुरलेला टोफू, वाफवलेला छोटा मासा, मोहरीच्या पाल्याचं लोणचं. शेजारच्या स्टुलावर ते टिश्यूचं पाकीट ठेवायचे. आमच्याकडे पाकीट ठेवलं की जागा घेतली, तिथं कुणी बसत नाही. पण त्या जागेवर यायचं कुणीच नव्हतं.

"कुणासाठी अडवलीय?" मी एकदा विचारलं. मी त्यांचा शेजारी; समोर बसत असे, मला मुभा होती.

"कोपरासाठी. माझं कोपर लांब आहे."

गेल्या वर्षी त्यांचं उजवं अंग गेलं. इस्पितळातून आले ते चाकाच्या खुर्चीत, तोंड एका बाजूला उतरलेलं. शब्द येत, पण उशिरा, आणि ओले. गिळायला शिकवणारी तिथली मुलगी त्यांच्या लेकीला, ह्वी सुआनला, समजावत होती तेव्हा मीही होतो.

"पाणी आणि घास एकत्र तोंडात गेले की यांच्या घशाला कळत नाही, आधी कुणाला सोडायचं. पाणी पुढं पळतं आणि श्वासनळीत शिरतं. म्हणून सगळं एकजीव हवं. दाट, बिनगुठळीचं. चहात, पाण्यातसुद्धा ही दाट करणारी पूड घालायची."

मग तिनं आवाज उतरवला. "वजन आणखी दोन किलो उतरलं, तर नाकातून नळी घालावी लागेल. महिन्यानं बघू."

सेंग हिया छताकडे बघत होते. शितं वेगळी आणि पाणी वेगळं, नेमकं तेच आता त्यांना बंद होतं.

ह्वी सुआन मिक्सरमधून काढलेलं काहीतरी द्यायची. दोन चमचे जात, मग ते भिंतीकडे मान वळवत. खाली फूड सेंटरला चला म्हटलं तर डोळे मिटून घेत. लाळ गळते, चमचा दुसऱ्यानं धरावा लागतो, आणि समोर मोक.

आता माझ्या हातून झालं ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यात ग्वात कीनं मला गाळ्यावर थांबवलं आणि पिशवीत बांधून काहीतरी दिलं.

"नुसतं निवळ आहे. वरवरचं पाणी, एकही शीत नाही. आमची आई आजाऱ्याला हेच द्यायची. याहून हलकं जगात काही नाही."

मला पुडीची आठवण झाली नाही. किंवा झाली, आणि मी ती बाजूला सारली. इतक्या आठवड्यांनी त्यांच्या नाकपुड्या हलल्या होत्या. त्यांनी एक चमचा घेतला, मग दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला तो थांबेना. ओठ निळे पडले. ह्वी सुआननं त्यांना पुढं वाकवलं, पाठ चोळली. मी वाडगा हातात घेऊन उभा होतो. खूप वेळानं श्वास आला, दोर घासत लिफ्ट वर यावी तसा.

खाली येऊन मी ग्वात कीला सांगितलं. तिनं पळी ठेवली.

"पाण्यानं? नुसत्या पाण्यानं?"

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती पेज आटवायला बसली. पहिल्यांदा भांडं करपलं. दुसऱ्यांदा गोळे झाले. तिसऱ्या दिवशी तिनं भांडं माझ्यापुढं आदळलं.

"चाळीस वर्षं मी शीत फुटू नये म्हणून जपलं. आता हात ऐकत नाही. फुटायच्या आधीच गॅस बंद करतो."

मग तिनं ॲप्रनला हात पुसले आणि ती चार पावलांची वाट ओलांडली.

मोक कढई घासत होता. मान वर न करता म्हणाला, "आंटी, वाट चुकलात."

"एक वाडगा पेज हवी. आलं नको, कांद्याची पात नको, वर काही नको."

"अंकलसाठी?"

तिनं मान डोलावली.

"खळ म्हणतात ते तिला. नोटिसा चिकटवायची खळ."

"मोक, त्याचं वजन उतरतंय. पुढच्या सोमवारी मोजणार आहेत. नाकात नळी घालतील."

आता मोकनं वर पाहिलं. कढईवर नळाचं पाणी तसंच वाहत होतं.

"तुमच्याकडची म्हणून द्या," तो म्हणाला. "माझं नाव घेतलंत तर उपाशी राहतील, पण तोंड उघडणार नाहीत. मासा वाटून घालतो, काटा राहणार नाही. पण मीठ घालत नाही. चव तुमची द्या."

तो हळूच हसला. "सव्वीस वर्षं ऐकून घेतलंय, आंटी. फुकट नाही गेलं म्हणायचं."

बुधवारी मी त्यांना खाली आणलं. कसं आणलं ते विचारू नका. मी म्हटलं, ग्वात की रडतेय, आणि ते खोटं नव्हतं. खांबाजवळच्या टेबलाची स्टुलं जमिनीला पक्की बसवलेली, तिथं खुर्ची शिरेना. चाकाच्या खुर्चीसाठी जागा सोडलेलं एकच टेबल होतं आणि ते मोकच्या गाळ्यासमोर. सेंग हियांनी ते पाहिलं, मला पाहिलं. डाव्या हातानं खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलं.

ग्वात कीनं स्वतःचा निळ्या काठाचा वाडगा आणला. आत मोकची पेज, पांढरी, सपाट. मधोमध तिच्या टोफूचा रस्सा चमच्यानं मिसळला होता, तपकिरी. तिनं टोफूही गाळून घेतला होता. ती तिथंच उभी राहिली. समोर मोक पाठ करून भांडी रचत होता, नुकतीच रचलेली भांडी पुन्हा रचत होता.

सेंग हियांनी वाडगा पाहिला. ज्या माणसानं मोकची पेज न चाखताच ओळखली असती, त्याच्या हनुवटीखाली ती होती.

मी चमचा उचलला. त्यांनी तो डाव्या हातानं माझ्याकडून घेतला. शिकवल्याप्रमाणे हनुवटी छातीकडे नेली. गिळलं. आम्ही ठसक्याची वाट बघितली. आला नाही.

दुसरा चमचा. तिसरा. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं ओघळलं, ते ग्वात कीनं पुसलं आणि त्यांनी पुसू दिलं.

"ग्वात की." शब्द यायला वेळ लागला. "आज पेज... जास्त शिजलीय."

"हो रे हिया. गॅस बंद करायला विसरले."

त्यांनी चमच्याकडे बघितलं, मग समोर, मोकच्या पाठीकडे.

"उद्या पण विसर."

ती रोज विसरू लागली. गुरुवारी पूर्ण वाडगा गेला. शनिवारी त्यांनी लोणच्याचं नाव काढलं आणि ग्वात कीनं त्यांना दटावलं. सोमवारी वजन झालं. उतरलं नव्हतं. इस्पितळातली मुलगी म्हणाली, नळीचं नंतर बघू.

मंगळवारी मोकची सुट्टी असते हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याचा पत्रा खाली ओढलेला. सेंग हिया टेबलाशी येऊन बसले होते, पाकीट स्टुलावर, रुमाल गळ्यात. ग्वात की आपल्या भांड्यापाशी उभी होती आणि भांड्यात शितं वेगळी होती, पाणी वेगळं. ती माझ्याकडे बघत होती. मी पत्र्याकडे.

तेवढ्यात वाटेच्या टोकाकडून मोक आला. अर्धी विजार, रबरी चपला, केस न विंचरलेले, काखेत थर्मास. त्याला असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. थर्मास त्यानं ग्वात कीच्या गाळ्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आंटी, तुमचा थर्मास माझ्या घरी राहिला होता."

"अगं बाई, हो," ग्वात की म्हणाली. तिच्याकडे थर्मास कधीच नव्हता.

मोक निघाला. टेबलाजवळून जाताना सवयीनं थबकला, टोमण्यासाठी थांबायचा तसा. टोमणा आला नाही. सेंग हिया त्याच्या उघड्या गुडघ्यांकडे बघत होते. मग त्यांचा डावा हात शेजारच्या स्टुलाकडे सरकला. पाकीट बोटांत येईना, दोनदा निसटलं. मी मदतीला पुढं झालो तर त्यांनी मानेनं नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते उचललं गेलं आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं.

"बस," ते मोकला म्हणाले. "खाल्लंस का?"